भिकन मिस्त्रीने मोटारीचा घसा मोठा केला

लोणखेड्याचा भिकन मिस्त्री खोटं बोलत नसे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे दोनदा लोकांनी त्याला खोटारडा ठरवलं आणि दोन्ही वेळा तो खरं सांगत होता. त्याचं चुकलं ते एकदाच, आणि तेव्हा मात्र सगळ्या तालुक्याने त्याच्यावर विश्वास ठेवला.

भिकन शेतकऱ्याच्या घरातला. जमीन काळी, चांगली. पण तिच्यावर राबायला थोरले भाऊ पुरेसे होते आणि धाकट्याने जेवणाच्या वेळी तेवढं दिसावं अशी घरातली व्यवस्था होती. म्हणून तो एक दिवस नंदुरबारला आगगाडीत बसला आणि सुरतेला गेला. तिथे आधी जिनिंगमध्ये सरकी उपसली, मग मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागला. त्या कारखान्यात एक म्हातारा उस्ताद होता. तो कारागिरांना म्हणायचा, "इंजिन म्हणजे लोहाराचा भाता. जेवढी हवा ओढेल तेवढा जोर करेल. पण..." त्या 'पण'च्या वेळी जेवणाची घंटा झाली आणि भिकन भाकरी खायला गेला. उस्तादाचं उरलेलं वाक्य त्याने कधी ऐकलं नाही. पुढे कितीतरी वर्षं तो त्या अर्ध्या वाक्यावर मोटार चालवत होता.

ही मोटार शहाद्याच्या गिरधरभाईंची. गिरधरभाई जमीनदार माणूस. सुरतेहून त्यांनी एका जुन्या लॉरीचा सांगाडा आणवला, सुताराकडून त्यावर सागाच्या फळ्यांची पेटी बसवून घेतली, खिडक्यांना ताडपत्री लावली आणि शहादा ते नंदुरबार उतारू नेणारी मोटार सुरू केली. चालवायला आणि दुरुस्तीला सुरतेहून परतलेला भिकन ठेवला. स्वतः गिरधरभाई त्या मोटारीत कधी बसले नाहीत. पेट्रोलच्या वासाने त्यांना मळमळायचं. नंदुरबारला कोर्टाचं काम निघालं की मोटार पुढे जायची आणि मालक मागून दमणीत बसून, बैलांच्या घुंगरांच्या तालावर, संध्याकाळपर्यंत पोचायचे.

माझे वडील त्या काळात नंदुरबारला शिकायला होते आणि सुट्यांना याच मोटारीने घरी येत. बरंचसं मी त्यांच्याकडून ऐकलं. काही पुढे खुद्द भिकनबाबांकडून.

वाट सरळ होती, फक्त मध्ये तापी होती. काठावरच्या प्रकाशा गावापाशी नदीवर पूल नव्हता. पावसाळ्यात मोटार छपराखाली उभी राहायची आणि माणसं नावेतून जायची. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की पात्रातल्या वाळूवर तुराट्या आणि चटया अंथरून कच्ची वाट करत. मोटार प्रकाशाचा उतार उतरायची, वाळूतून रांगायची, पाण्याचा उथळ पट्टा ओलांडायची आणि पलीकडचा चढ चढून नंदुरबारच्या रस्त्याला लागायची. सुरतेची गाडी धरायची असेल तर या नदीतच काय ते ठरायचं.

पहिली काही वर्षं ही एकच मोटार होती, त्यामुळे ती हळू चालते की जोरात हा प्रश्नच नव्हता. मग नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याने नवी कोरी मोटार आणली. तिच्यावर धानोऱ्याचा सुकलाल नावाचा ड्रायव्हर होता. सुकलाल देखणा, बोलका, गळ्यात रुमाल. तो भोंगा वाजवत भिकनच्या मोटारीला मागे टाकायचा, आणि त्याच्या मोटारीतले उतारू मागे वळून भिकनच्या उतारूंकडे बघायचे. नुसते बघायचे, पण तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी ते उतारू सुकलालच्या मोटारीत दिसायचे.

त्यातच त्या वर्षी भिकनच्या मोटारीचा जोर गेला. पावसाळाभर उभी राहून ती बाहेर निघाली ती दमेकऱ्यासारखी. सपाटीवर कशीबशी पळायची, पण नदीचा चढ आला की धापा टाकायची. माणसं उतरून चालत चढायची आणि वर मोटारीची वाट बघत थांबायची.

भिकनने विचार केला आणि उस्तादाचं अर्धं वाक्य त्याला आठवलं. तो गिरधरभाईंकडे गेला.

"भाई, मोटारले श्वास पुरत नही," तो म्हणाला. "हवा आत जास ती नळी बारीक शे. माणूस नाक दाबीसन पळस का?"

गिरधरभाईंनी स्वतःचं नाक दाबून पाहिलं. त्यांना ते पटलं.

"मंग काय करानं?"

"नळी रुंद करानी."

मोटारीच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळतं ते कार्बोरेटरमध्ये, आणि ते मिश्रण तिथून सिलिंडरांकडे जातं ते एका फाटे फुटलेल्या नळ्यातून. कार्बोरेटरच्या तोंडात एक झडप असते; ड्रायव्हर पाय दाबतो तेव्हा ती उघडते. भिकनने हे सगळंच मोठं करायचं ठरवलं. सुरतेला जाऊन त्याने भंगारात निघालेल्या एका मोठ्या लॉरीचा कार्बोरेटर आणला. आधीची झडप रुपयाएवढी होती, ही पुरीएवढी. मग शहाद्याच्या तांबटाकडे बसून त्याने तांब्याचा नवा नळा ठोकून घेतला. तांबटाने जन्मभर हंडे आणि घागरी केल्या होत्या, त्यामुळे नळ्यालाही घागरीसारखी गोलाई आली. दिसायला तो फार सुंदर झाला. जुना बिडाचा नळा त्याच्याशेजारी काटकीसारखा दिसत होता.

नळा बसला. भिकनने हँडल मारलं. आधी फटफट करणारी मोटार आता खोल, पोटातून घुमू लागली. बाजारातली माणसं गोळा झाली. गिरधरभाईंनी नारळ फोडला.

पहिल्याच फेरीला मोटार नदीत बंद पडली.

वाळूत मोटार हळू चालवावी लागते, आणि हळू चालवली की इंजिन उचक्या देऊन गप्प व्हायचं. भिकन हँडल मारायचा, ते घुमायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा गप्प. उतारू उतरले आणि ढकलू लागले. प्रकाशाची फुलीबाई वांग्यांची पाटी घेऊन नंदुरबारच्या बाजाराला निघाली होती. तिने पाटी डोक्यावर ठेवूनच एका हाताने ढकललं आणि पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "भिकन, पहिले तुन्ही मोटार खोकत व्हती. आते उचक्या दी ऱ्हायनी. वैद्य बदल."

भिकनने पुन्हा हँडल मारलं. नवी वस्तू अंगवळणी पडायला वेळ लागतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. आठवडाभर रोज मोटार ढकलली गेली. सपाटीवर तिचा आवाज दुप्पट झाला होता आणि वेग तेवढाच होता. पण आवाज मोटारीच्या आत बसून ऐकला की वेगासारखाच वाटतो. उतारू म्हणू लागले, फरक पडला बरं का.

मग एक दिवस पात्रातून वर चढताना मागचं काहीतरी दगडावर आपटलं, खण्णकन आवाज झाला आणि मोटार अशी उसळली की छपरावरची कोंबड्यांची दुरडी खाली आली. सबंध चढ ती एका दमात चढून गेली. कानठळ्या बसतील असा आवाज करत ती नंदुरबारच्या रस्त्याला लागली आणि वाटेत तिने सुकलालच्या मोटारीला मागे टाकलं. भिकनच्या उतारूंनी मागे वळून पाहिलं. वडील सांगायचे, त्या दिवशी मोटारीत एक म्हातारे भटजी होते, त्यांनीही मागे वळून पाहिलं.

येताना भिकनने नदीत मोटार थांबवली आणि दगडापाशी जाऊन पाहिलं. सायलेन्सरचा डबा तुटून पडला होता. इंजिनातला धूर बाहेर टाकायच्या वाटेवर आवाज कमी करायला हा डबा असतो. भिकनने तो उचलून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. डब्याच्या आतला पत्रा पावसाळ्यात गंजून सुटला होता आणि धुराच्या वाटेवर आडवा बसला होता.

तो बराच वेळ वाळूत डबा मांडीवर घेऊन बसला. इंजिनाला श्वास घ्यायला काही अडचण नव्हती. सोडायला होती.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्याने पुढच्या सुटीच्या दिवशी तांब्याचा नळा काढला, जुना बिडाचा नळा आणि रुपयाएवढी झडप परत बसवली, आणि डबा नसलेली मोटार रिकामीच नदीत नेऊन आणली. ती वाळूतून म्हशीसारखी संथ, एकदाही न थांबता गेली आणि चढही चढली. म्हणजे तांब्याच्या नळ्याने जोर दिला नव्हताच. उलट उचक्या तेवढ्या दिल्या होत्या. कारणही त्याच्या हळूहळू लक्षात आलं. पेट्रोल ओलं असतं. बारीक नळीतून हवा जोरात जाते आणि त्याला आपल्याबरोबर उडवत नेते. रुंद नळ्यात हवा सावकाश चालते, मग पेट्रोल वाटेतच नळ्याच्या अंगाला चिकटून बसतं आणि इंजिनाला नुसती हवा मिळते. रुंद नळा उपयोगी पडला असता तो फार जोरात पळणाऱ्या मोटारीला. शहादा ते नंदुरबार फार जोरात पळायला रस्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हे सगळं गिरधरभाईंना सांगितलं. सुपारी कातरत त्यांनी ऐकून घेतलं.

"नळा कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"काढी ठेयेल शे, भाई. जोर नळाना नही. डबा पडना म्हनीसन मोटार पळनी."

"परत लाव."

"भाई, तो लावा तर नदीमा बंद पडस."

"पडू दे. ढकलाले माणसं शेतस." गिरधरभाईंनी सुपारी तोंडात टाकली. "भिकन, शहाद्यापासून तळोद्यापर्यंत लोके नळा देखाले येतस. डबा पडना ते देखाले कोनी येत नही. हाई गोठ परत काढू नको."

तांब्याचा नळा परत बसला. इंजिनावरचं झाकण आता उघडंच ठेवायचं असा हुकूम झाला. दर सोमवारी नळा चिंचेने घासला जाई. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलं. मोटारीचं नावच 'तांबानळी' पडलं, आणि सुकलालच्या मोटारीतले निम्मे उतारू तांबानळीत येऊन बसले. नदीत ते आनंदाने उतरून ढकलत. एवढ्या जोराच्या मोटारीला वाळूत थोडा त्रास व्हायचाच, असं ते एकमेकांना समजावत.

सुकलाल गप्प बसणारा नव्हता. तो शहाद्याच्या त्याच तांबटाकडे गेला आणि त्याने भिकनच्या नळ्यापेक्षाही मोठा नळा करून घेतला. तांबटाचा हात आता बसला होता. हा नळा जवळजवळ हंडाच होता. सुकलालच्या मोटारीला सायलेन्सरचा डबा होता तो नवा आणि चांगला, म्हणजे मोटारीत मुळात काहीच बिघाड नव्हता. नळा बसवल्यावर झाला. भिकनची मोटार नदीत दोनदा थांबायची, सुकलालची पाच वेळा थांबू लागली.

महिनाभर त्याने सोसलं. मग एका दुपारी, नंदुरबारच्या स्टेशनाबाहेर दोन्ही मोटारी उभ्या असताना, तो भिकनजवळ येऊन बसला आणि त्याने विडी पुढे केली.

"मन्ही मोटार काबर बंद पडस, भिकन? खरं सांग."

"नळामुळे," भिकन म्हणाला. "काढी टाक. जुना लाव."

"नळा काढू?"

"हो. नळामा काहीच नही."

"मंग तू काबर लायी ठेवस?"

"मालक काढू देत नही."

सुकलाल हसला. मग उठला आणि त्याने दिलेली विडी परत घेतली. त्या दिवसापासून तो सगळ्यांना सांगू लागला, भिकन वरून गरीब दिसतो, पण लबाड आहे. आपली युक्ती लपवायला मालकावर ढकलतो. लोकांनाही ते पटलं. एवढा मोठा कारागीर आपल्या कामात काहीच नाही असं सांगतो, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. शहाद्याच्या चहाच्या दुकानात चर्चा व्हायची की नळ्याच्या आत भिकनने कसलं तरी वळण ठेवलंय. तांबटाला विचारलं तर तोही अर्थपूर्ण हसायचा. त्यालाही गिऱ्हाईक हवं होतं.

घरी भिकनची बायको सुंदरबाई त्याला म्हणाली, "तुम्ही काबर सांगतस सगळास्ले? कोनी विचारं तर म्हना, हो, नळामा जादू शे."

"पन नही शे ना."

"त्यास्ले पाहिजे शे," ती म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

असं चारपाच वर्षं चाललं. दोन्ही मोटारी नदीत बंद पडत, दोन्ही मालक खूश होते, आणि प्रकाशाच्या काठावरचे नावा चालवणारे भोई मोटार ढकलण्यात तरबेज झाले होते. मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर मिळू लागलं. सुकलालच्या मालकाने पाहिलं की रुंद नळ्याची मोटार पेट्रोल फार पिते. त्याने सुकलालला स्पष्ट सांगितलं, हंडा काढ. सुकलालने जड मनाने तो काढला, बारीक नळा बसवला, आणि मोटार नदीतून एकदाही न थांबता गेली.

त्या दिवशी सुकलाल प्रकाशाच्या घाटावर भिकनची वाट बघत थांबला. भिकनची मोटार ढकलत ढकलत काठाला लागली तेव्हा त्यानेही हात लावला. मग म्हणाला, "तू खरं सांगत व्हता, भिकन."

भिकनचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दोघांनी घाटावर बसून भजी खाल्ली. सुकलालने सांगितलं, त्याने तो हंडा तांबटाला परत विकला आणि तांबटाने त्याचा खराखुरा हंडा केला. दोघंही हसले.

ही दोस्ती एक महिना टिकली.

महिन्याने चिठ्ठीवरचं पेट्रोलही आटलं आणि मोटारींना कोळशाची भट्टी लावायची वेळ आली. मोटारीच्या मागे एक उंच लोखंडी पिंप बसवायचं, त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, आणि त्यातून निघणारा धूर गाळून, नळीने पुढे आणून इंजिनाला पाजायचा. पेट्रोलऐवजी धूर. सकाळी मोटार निघण्याआधी भट्टीला वारा घालत बसावं लागे. उतारू काळे होऊन उतरत. पांढरं धोतर नेसून मोटारीत बसायचं नाही हे लोक लवकर शिकले.

कोळशाच्या धुरात पेट्रोलाएवढा दम नसतो. सगळ्या मोटारी अर्ध्या झाल्या. सुकलालची नवी मोटार बैलगाडीच्या मागे पडू लागली. पण तांबानळीचं काही वेगळंच झालं. ती पहिल्या दिवशी वाळूत शिरली, भिकनने सवयीने भोयांना हाक मारली, आणि मोटार थांबलीच नाही. चढावर तिने गती सोडली, पण ती चढली. भोई काठावर तसेच उभे राहिले.

भिकनला आता कारण शोधायला वेळ लागला नाही. धूर ओला नव्हता. तो नळ्याला चिकटत नव्हता. त्याला दम कमी, म्हणून तो जास्त प्यायला हवा, आणि जास्त प्यायला रुंद घसा हवा. इतकी वर्षं चुकीचा असलेला नळा इंधन बदललं म्हणून बरोबर झाला होता.

तो त्याच दिवशी सुकलालकडे गेला. "आते रुंद नळा लाव," तो म्हणाला. "धूरले रुंद नळा पाहिजे."

सुकलाल भट्टी उपसत होता. त्याच्या तोंडावर कोळशाची पूड होती आणि तो दमला होता.

"पहिले म्हने काढ," तो म्हणाला. "काढा, तर आते म्हने लाव. तू माले काय समजस, भिकन?"

"तव्हय पेट्रोल व्हतं. आते धूर शे."

"मन्हा हंडा गया. तुन्हा नळा ऱ्हायना. आते माले समजी गयं."

भिकनने समजावलं. जितकं समजावलं तितका सुकलाल थंड होत गेला. शेवटी तो म्हणाला की दोन्ही मोटारींत फरक आहे तो कोळशाचा आहे, आणि भिकनने रेवजीला फितवलंय.

रेवजी हा तळोद्याच्या वरच्या डोंगरातला. धावड्याच्या लाकडाचा कोळसा पाडायचा आणि गाढवांवर लादून शहाद्याला आणायचा. घरी तो पावरी ही आदिवासी बोली बोलायचा. बाजारात जेवढ्यास तेवढं. दोन्ही मोटारींना कोळसा त्याचाच. सुकलालने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा रेवजीने गाढवाच्या पाठीवरचं पोतं दाखवलं.

"एकच झाड, एकच भट्टी," तो म्हणाला. "गाढव भी एकच."

"पण त्याले निवडीसन देस," सुकलाल म्हणाला.

रेवजीने भिकनकडे पाहिलं, मग सुकलालकडे पाहिलं, आणि गाढव हाकललं.

लोकांनीही कोळशाचंच धरलं. नळ्याची आता कुणाला आठवण नव्हती. तो धुराने काळा झाला होता आणि चिंचेने घासायला कुणाला वेळ नव्हता. नळ्यात काही नव्हतं तेव्हा ज्यांनी त्यात जादू पाहिली, तेच आता भिकन नळ्याचं नाव काढायला लागला की म्हणत, सोड रे, ते जुनं झालं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटाला नदीवर जे घडलं ते माझ्या वडिलांनी काठावरून पाहिलं. सुकलाल नंदुरबारहून एक वऱ्हाड घेऊन येत होता. लग्न शहाद्याला. पाण्याचा उथळ पट्टा ओलांडून मोटार वाळूत आली आणि रुतली. इकडे आभाळ कोरडं होतं, पण वर कुठेतरी, बऱ्हाणपूरच्या बाजूला, पाऊस झाला असावा. पाण्याच्या कडेला फेस आणि काटक्या दिसू लागल्या. मग भोयांनी ओरडून सांगितलं की पाणी चढतंय.

भिकन प्रकाशाच्या काठावर उतारू भरत होता. त्याने उतारू उतरवले आणि मोटार उलटी पात्रात नेली, जिथपर्यंत वाळू घट्ट होती तिथपर्यंत. भोयांनी नावेचा दोर आणला. एक टोक तांबानळीला, दुसरं सुकलालच्या मोटारीला. वऱ्हाडी उतरले. नवरदेवाने बाशिंग काढून करवलीच्या हातात दिलं आणि मागे खांदा लावला. वरमाय मात्र उतरली नाही. पुढची जागा तिला मानाने मिळाली होती आणि ती सोडायची नाही असं तिने ठरवलं होतं. सुकलालने हात जोडले. ती म्हणाली, "तू तुन्हं काम कर."

भिकनने पाय दाबला. भट्टी फुरफुरली. दोर ताणला गेला, तांबानळीची मागची चाकं वाळू उडवू लागली, मग धरली. मागून चाळीस माणसं ढकलत होती. पाणी सुकलालच्या मागच्या चाकांना लागलं होतं. मोटार हलली, हात दोन हात सरकली, मग सुटली, आणि वरमायेसकट काठावर आली. थोड्याच वेळात तुराट्यांची वाट पाण्याखाली गेली.

नळ्याने ओढलं की चाळीस माणसांनी ढकललं, हे कुणी सांगू शकणार नाही. पुढे भिकनबाबांच्या म्हातारपणी मी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही. पण माणसं नसतीस तर मी दोर तोडी टाकता." तेवढं ते प्रामाणिक होते.

सुकलाल काठावर बसला होता. भिकन जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "तुन्हा कोळसा थोडा दे."

भिकनने अर्धं पोतं काढून दिलं. सुकलालने आपल्या भट्टीतला कोळसा उपसून भिकनचा भरला, म्हणजे रेवजीचा काढून रेवजीचाच भरला, आणि वऱ्हाड घेऊन निघाला. शहाद्याला पोचल्यावर त्याने सांगितलं की मोटार आज फारच चांगली चालली.

त्यानंतर तो भिकनशी परत बोलू लागला. दर आठवड्याला त्याच्याकडून थोडा कोळसा मागून नेई. भिकन देत राहिला. नळ्याचं नाव दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

लढाई संपली, पेट्रोल परत आलं, भट्ट्या उतरल्या. गिरधरभाई तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. भिकनने कुणालाही न विचारता तांब्याचा नळा काढला, तांबटाला दिला, जुना बिडाचा नळा बसवला आणि मागे सायलेन्सरचा नवा डबा लावला. आठ दिवस तो वाट बघत होता की कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. मोटारीला लोक अजून तांबानळीच म्हणत आणि ती पूर्वीपेक्षा मंदावली असंही म्हणत, कारण आता ती फार ओरडत नव्हती.

पुढे स्वातंत्र्य आलं, आणि सरकारी मोटारी येणार अशी बातमी आली. गिरधरभाईंच्या मुलांनी मोटार विकायला काढली. सुकलाल नवापूरला एका लाकडाच्या ठेकेदाराकडे लॉरीवर लागला. भिकनने लोणखेड्यात पिठाची गिरणी घालायचं ठरवलं. शेवटच्या दिवसांत एकदा सुंदरबाई म्हणाली की तिला प्रकाशाला महादेवाच्या दर्शनाला जायचंय. इतकी वर्षं ती कधी त्या मोटारीत बसली नव्हती. शेतातून आणि घरातून सवड मिळाली नव्हती.

माघाचे दिवस होते. भिकनने तिला पुढे, आपल्या शेजारी बसवलं. ती ताडपत्री वर करून बाहेर बघत होती. गव्हाच्या ओंब्या भरल्या होत्या.

"हाई इतलीच पळस का?" तिने विचारलं.

"इतलीच."

"बरं शे," ती म्हणाली. "कोनं शेत कोठे संपस ते दिसस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "थांबा जरा. मन्हा भाऊ शे तठे."

रस्त्याकडेच्या शेतात तिचा भाऊ हरभरा उपटत होता. भिकनने मोटार थांबवली. सुंदरबाई उतरली, बांधावर भावाशी बोलत उभी राहिली. घरच्या सगळ्यांची विचारपूस झाली, म्हशीचीही झाली. मागे उतारूंनी आधी खोकून दाखवलं, मग बोलून दाखवलं. भिकनने स्टिअरिंगवर हात ठेवून वाट पाहिली. शेवटी भावाने हरभऱ्याचा एक मोठा भारा उचलून आणला आणि खिडकीतून आत ढकलला, आणि प्रत्येकाच्या हाती एक एक डहाळा आला.

प्रकाशाला सुंदरबाई उतरली. मोटार वाळूतून, पाण्यातून, पलीकडच्या चढावरून पुढे गेली. नंदुरबारला पोचेपर्यंत सुरतेची गाडी निघून गेली होती. कुणी फारसं काही म्हटलं नाही. हरभरे अजून संपले नव्हते.